माईक चालू आहे

धर्माजींचा गेलेला आवाज परत आला आणि पहिल्याच दुपारी त्यानं घरात गोंधळ घातला.

लोणीतल्या घराच्या ओट्यावर सगळे जमले होते. धर्माजींच्या हातात नवा मोबाईल, शेजारी त्यांची लेक आरती, समोर राजुरीचा स्पीकरवाला बुद्धभूषण, आणि दारात ताटात डाळ निवडत बसलेली आरतीची आई साळुबाई. धर्माजींनी एका बोटानं अक्षरं शोधत लिहिलं, 'थोडा चहा मिळेल का'. आरतीनं मान डोलावली, त्यांनी बटण दाबलं.

"थोडाआआ चहा! मिळेल काआआआ... भिर्रर्रर्र!"

गोठ्यातली गाय ताडकन उठून उभी राहिली. रस्त्यानं चाललेला एक मोटरसायकलवाला ब्रेक दाबून विचारता झाला, "शर्यत कुठं लागलीय, राव?" बुद्धभूषण तर मांडीवर थापा मारून असा हसला, की त्याला ठसका लागला.

"अण्णा, चहा मागितलाय का गाडा सोडलाय?"

धर्माजीही हसले. म्हणजे त्यांचे खांदे हलले. हसण्याला आवाज कुठून आणणार? पण कितीतरी महिन्यांत ते असे हलले नव्हते, आणि आरतीला वाटलं, जिंकलं! आपण जिंकलं!

साळुबाईंनी मात्र ताट खाली ठेवलं आणि त्या आत गेल्या. चहा आला, पण त्या आल्या नाहीत. कप उंबऱ्यावर ठेवून तशाच मागं वळल्या.

आता हे भिर्रर्र काय प्रकरण आहे ते सांगितलं पाहिजे. जुन्नर-आंबेगावात घाट म्हटल्यावर ज्याला डोंगरातला वळणाचा रस्ता आठवतो, तो माणूस खुशाल बाहेरगावचा समजावा. इथं घाट म्हणजे बैलगाडा शर्यतीची चढाची धाव, गाडे पळायचा पट्टा. यात्रेला तिथं गाडे पळतात, आणि गाड्यांच्याही पुढं पळते ती माईकवाल्याची जीभ. गाडा सुटला की त्यानं 'भिर्रर्र' म्हणायचं आणि लोकांनी टोप्या उडवायच्या. धर्माजी म्हणजे या माईकचे राजे. बैलाचं नाव, मालकाचं नाव, गाव, बैल कुणाच्या गोठ्यात वाढला, सगळं एका दमात म्हणायचे, आणि वर कुणाची तरी टर उडवायला दम शिल्लक ठेवायचे. गालात कायम तंबाखूचा बार. त्याच तंबाखूनं घात केला. घशात गाठ निघाली, डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. जीव वाचला आणि बोलणं गेलं.

दवाखान्यातून गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. त्यातून पंपाची मोटर बोलल्यासारखा आवाज यायचा. धर्माजींनी ते एकदा लावलं आणि फडताळात टाकलं. मग बाहेर पडणं बंद, घाटाचं नाव काढणं बंद. टोमॅटोच्या पानाचा फोटो काढून रोग सांगणारं ॲप त्यांना फार आवडायचं, आल्यागेल्याला धरून दाखवायचे, तेही सोडलं. दिवसभर ओट्यावर बसून रस्त्याकडे बघायचे, आणि साळुबाई त्यांच्याकडे.

आरती पुण्याला एका कंपनीत होती. कारखान्यातल्या पंपांचा आवाज ऐकून कुठलं बेअरिंग कधी जाणार हे आधीच सांगणारी न्यूरल नेटवर्क बनवणं, हे तिचं काम. पंपाचं दुखणं आवाजावरून कळतं, तर बापाचा आवाज जुन्या रेकॉर्डिंगवरून का उठवता येऊ नये? हा विचार तिच्या डोक्यात शिरला, आणि त्या घरातल्या डोक्यात शिरलेलं काही बाहेर निघत नाही. रजा टाकून ती लोणीला येऊन बसली.

"म्हंजे करणार काय तू?" साळुबाईंनी तेव्हाच विचारलं होतं.

"नेटवर्क, आई. जाळं म्हण."

"कोळ्याचं का मासं धरायचं?"

"आकड्यांचं! हे बघ, मी लहानपणी बोलायला कशी शिकले? तू मला व्याकरण शिकवलंस?"

"मला तरी कुठं येतंय?"

"मी ऐकलं, तसं म्हणून बघितलं, चुकले. तू हसलीस, मी परत म्हटलं. हे पण तसंच. अण्णांचं एक वाक्य ऐकतं, आपण म्हणून बघतं, किती चुकलं ते मोजतं आणि आतले लाखो काटे जरा जरा फिरवतं. परत म्हणतं. एकावर एक थर असतात त्याला. खालचा थर नुसता आवाजाचा चढउतार धरतो, वरचा अक्षर धरतो, त्याच्या वरचा अण्णांची लकब."

"आन् कंटाळत न्हाई?"

"अजिबात न्हाई."

"मग तुझ्या बापापरीस बरं," साळुबाई म्हणाल्या होत्या, आणि खूश होत्या.

रेकॉर्डिंगचा तोटा नव्हता. धर्माजी जिथं बोलत तिथं स्पीकर बुद्धभूषणचा, आणि त्याला सगळं थेट मशिनमधून रेकॉर्ड करून ठेवायचा नाद. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात मेमरी कार्डं भरलेली. "घे ताई, अण्णांचा गळा हाय ह्यात," म्हणून त्यानं डबाच तिच्या हातात दिला. आरतीनं प्रोग्राम लिहिला. खणखणीत आणि स्वच्छ असेल ते ठेव, दबकं, पुटपुटलेलं, खरखरीचं फेकून दे. नेटवर्कला फक्त निवडक माल चारला. आणि जे चारलं तेच त्याच्या अंगी लागलं! माणूस वाक्य संपवतो कसं, तर भिर्रर्र करून, असाच त्याचा समज झाला. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष?

"भिर्रर्र काढून टाकीन मी. दोन दिवसांचं काम," स्वयंपाकघरात जाऊन आरती आईला म्हणाली. "तू एवढ्यावरनं रुसलीस?"

साळुबाई भांडी घासत होत्या. घासून झालेलंच भांडं पुन्हा घासत होत्या.

"आवाज त्यांचाच हाय. न्हाई कोण म्हणतंय? पर त्यो घाटावरला माणूस हाय, आरते. त्यो साऱ्या तालुक्याचा. माझ्याशी ह्यो माणूस उभ्या जन्मात वरच्या पट्टीत बोलला न्हाई. भांडला तरी हळू भांडायचा. आता तुझ्या यंत्रानं त्यांनी मला पाणी मागितलं, तर मी घरातनं पळून जाईन बघ." मग त्यांचे हात थांबले. "लोकांचा माणूस लोकांना मिळंल गं. मला माझा ऐकायचाय. एकदा तरी."

आरतीनं आईच्या हातातलं भांडं काढून घेतलं. तिनं मागं बघितलं तर दारात अण्णा उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते वळले, मोबाईल कोनाड्यात ठेवला आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसले.

आणि यात्रा तर तोंडावर आलेली. यात्रा कमिटीचे सावळेराम बातमी लागताच धावत आले. "अण्णा, यंदा घाट तुमच्या आवाजानंच सुरू करायचा. आमी काही आयकणार न्हाई." धर्माजींनी मान हलवली. सावळेराम हात जोडू लागले, आरती तावातावानं समजावू लागली. शेवटी धर्माजींनी कोनाड्यातला मोबाईल काढला, दोनच शब्द लिहिले आणि बटण न दाबता लेकीसमोर धरले.

'आधी घर.'

झालं! आता आरती पेटली. घरातला आवाज पाहिजे ना? आणते घरातला आवाज! तिनं लग्नाची सीडी काढली, तर वरून आख्खं बँडचं गाणं चिकटवलेलं. मोबाईलवरचे निरोप शोधले, तर अण्णांनी जन्मात एकही बोलून पाठवलेला नाही, सरळ फोन लावायचे. चुलत्यांच्या घरची बारशाची चित्रफीत बघितली, त्यात अण्णा दिसतात भरपूर आणि बोलतात ते माईकवरच. बारशात माईक! तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"आख्ख्या घरात एका शांत वाक्याचं रेकॉर्डिंग नसावं? काय माणसं आहात तुम्ही!"

"घरातलं बोलणं कोण रेकॉर्ड करतं गं?" साळुबाईही उसळल्या. "आन् एकदा घरातलं घाटावर गेलं व्हतं, तवा माझी काय अब्रू ऱ्हायली ते मला इचार!"

"कधी?"

"तू शाळंत व्हतीस. मला बीपीची गोळी नुकती चालू झालेली. हे कुठल्याशा घाटावर. एक गाडा पळून दुसरा सुटायच्या मधी ह्यांनी मला फोन लावला, आन् हातातला माईक चालूच! 'साळू, गोळी घेतलीस का? उपाशी पोटी घेऊ नको.' आख्ख्या घाटानं आयकलं. बायकूचं नाव घेऊन! मग काय, नळावर गेलं तरी 'साळुबाई, गोळी घेतली का?', एसटीत बसलं तरी कंडक्टर तिकिटाच्या आधी गोळीचं इचारतोय. मी आठ दिवस बोलले न्हाई त्यांच्याशी. शपथ घातली, माईक बंद केल्याबिगर मला फोन लावायचा न्हाई."

आरतीच्या तोंडाचा आ तसाच राहिला.

"आई, त्याच्या आधी किती वेळा असं झालं होतं?"

"कायमच की! इसरभोळा माणूस. माईक बंद करायचं कवा ध्यानात असायचं? त्या दिवशी तेवढं नावानिशी झालं म्हणून गाजलं."

आरती उठली ती थेट लॅपटॉपवर. दबकं, पुटपुटलेलं, खरखरीचं. फेकून दे. कुणी लिहिलं होतं हे? तिनंच! घाटावरचं सोनं म्हणून राखलं आणि घरातलं सगळं उकिरड्यावर टाकलं होतं. तरी बरं, कंपनीतली सवय म्हणून टाकलेलाही माल तिनं पुसलेला नव्हता.

बुद्धभूषणला बोलावलं आणि दोघं ओट्यावर बसून तो उकिरडा उपसू लागले. काय काय नव्हतं त्यात! धर्माजींचा खोकला. "त्या पोरांना धावंतनं हटवा रं." बुद्धभूषणला दिलेल्या शिव्या, ज्या ऐकून तो भलताच सुखावला. आणि अधूनमधून, वाऱ्याच्या आणि लोकांच्या कालव्याखाली दबलेला, फोनवरचा माणूस. "दूध तापवलंस का?" "आरतीचा ताप उतरला का गं?" "मी येतो, तू जेवून घे."

आरतीनं कालवा आणि वारा वेगळा काढायला दुसरं एक नेटवर्क लावलं. वारा निघून गेला आणि अण्णा उरले.

"ताई, एवढ्याशानं भागंल का पर?" बुद्धभूषणला काळजी. "घाटावरचं केवढं दिलं व्हतं आपण. हे म्हंजे चिमूटभर."

"भागंल, भाऊ. अण्णांचा गळा त्याला आता पाठ झालाय. तोच गळा घरात कसा बसतो, एवढंच शिकवायचंय. मोठा शिकलेला गडी आहे तो, चिमूटभर पुरतं त्याला."

शंका हा शब्दच तिच्या जवळ फिरकत नव्हता, आणि या खेपेला तिचं खरंही ठरलं. नेटवर्क तयार झाल्यावर तिनं कानाला हेडफोन लावला आणि सहज लिहिलं, 'आरते, उन्हात फिरू नको.' ऐकलं. असं वाक्य अण्णा तिला या रेकॉर्डिंगमध्ये कधी बोललेच नव्हते. पण घरात हजारदा बोलले होते, आणि अगदी असंच. तिनं हेडफोन काढून ठेवला, मागच्या दारी जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि गाईला मिठी मारून भरपूर रडून घेतलं.

मोबाईलवर तिनं दोन बटणं केली. एक 'घाट', एक 'घर'. "अण्णा, आईला ऐकवू?" ती उतावीळ झाली होती. धर्माजींनी तिचा हात धरला आणि लिहून दाखवलं, 'तू नको. मी बोलेन.'

आणि बोललेच नाहीत! मोबाईल खिशात घालून हिंडायचे. साळुबाई पाणी द्यायला आल्या की हात खिशाकडे जायचा आणि परत यायचा. पहिला आवाज फसला होता, हाही फसला तर? साळुबाईंनाही तीच भीती असणार, कारण त्याही विचारत नव्हत्या. उलट ठसक्यात म्हणायच्या, "मला न्हाई बाई कसली घाई." दोघंही असली हट्टी, की आरतीला वाटे, दोघांना एका खोलीत कोंडावं.

यात्रेच्या सकाळी धर्माजींनी फेटा बांधला. घरादाराला कळायच्या आत ते बुद्धभूषणच्या टेम्पोत जाऊन बसले.

"अण्णा! घाटावर? आणि आधी घर, त्याचं काय?" आरती चपला पायात सरकवत मागं धावली. धर्माजींनी तिच्याकडे बघितलं, बोटानं घराकडे दाखवलं, म्हणजे तू इथंच थांब, आणि टेम्पो निघून गेला. आरतीला इतका राग आला, की तिनं चपला काढून ओट्यावर आपटल्या.

घर पाहुण्यांनी भरलेलं. पुरणपोळ्यांचा घाणा चालू होता. साळुबाई लाटत होत्या, आरती तव्यावर होती. नवरा न सांगता घाटावर गेला होता. साळुबाईंचं लाटणं पोळपाटावर जरा जोरात आपटत होतं. गावाबाहेरच्या घाटावरचे कर्णे घरात स्पष्ट ऐकू येत होते. सावळेरामांनी नारळ फुटल्याचं सांगितलं, पाहुण्यांची नावं घेतली आणि म्हणाले, "आता ज्याची तुमी वाट बघताय, त्या आपल्या धर्माअण्णांचा आवाज!"

टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या. मग माईकची खरखर, आणि मग काहीच नाही.

आरतीनं उलथनं खाली ठेवलं. दोन बटणं. चुकीचं दाबलं तर? काहीच नाही दाबलं तर? कर्ण्यांतून नुसता वारा येत होता.

"साळू."

लाटणं थांबलं.

हळू आवाज होता. घरातल्या घरात हाक मारावी तसा, पण साऱ्या शिवारावर पसरलेला. "साळू, गोळी घेतलीस का?"

घाटावर जुन्या लोकांना ते आठवलं असणार, कारण हसण्याची अशी लाट आली की कर्णे फाटायची वेळ आली. साळुबाईंच्या हातातली लाटी तशीच हातात राहिली. आरतीला वाटलं, त्या जुन्याच दिवसाचं रेकॉर्डिंग लागलं असं तर त्यांना वाटणार नाही?

पण आवाज पुढं बोलला. सावकाश बोलला, कारण एका बोटानं लिहायला वेळ लागतो, आणि आख्खा घाट त्या बोटासाठी थांबला होता.

"आज पावणं लई हायती. तू अजून जेवली नसशील. उपाशी पोटी घेऊ नको, दोन घास खा." थोडं थांबून, "तू गोळी घेतल्याचं कळल्याबिगर मी गाडा सोडणार न्हाई."

आता मात्र घाटावर जो दंगा झाला! "साळुवहिनी, घ्या की गोळी!" कुणीतरी माईकजवळ ओरडलं. स्वयंपाकघरात बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

साळुबाई हसत नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं. "त्येच हायती," त्या आरतीला म्हणाल्या. "आरते, त्येच हायती गं. असंच बोलायचे."

"आई, पोळी खा. सगळा तालुका ताटकळलाय."

या गडबडीत तव्यावरची पोळी करपली होती. साळुबाईंनी तीच उचलली, दोन घास खाल्ले, फडताळातली गोळी काढली आणि पाण्याबरोबर घेतली. मग पदरानं तोंड पुसून एकदम पहिल्यासारख्या कडक झाल्या.

"सांग त्या बुद्धभूषणला. घेतली म्हणावं. आन् त्यांना म्हणावं, आधी त्यो माईक बंद करा!"

आरतीनं फोन लावला आणि निरोप शब्दाला शब्द पोचवला. कर्ण्यांतून बुद्धभूषणचं हसणं ऐकू आलं. आरतीच्या डोळ्यांसमोर ते एक बोट होतं, अक्षरं शोधणारं.

"न्हाई करत," तोच हळू आवाज म्हणाला.

आणि मग त्यांनी दुसरं बटण दाबलं.

"भिर्रर्रर्रर्र!"